चूक घंटागाडीची, हप्ता माझा वाढला

रस्ते, पाणी, कचरा यांवर मी इथे लिहीत असतो. तुम्ही वाचता, दोन शिव्या घालता, चार सूचना करता. आजचा विषय गाडीच्या विम्याचा आहे, पण तो शेवटी आपल्या कचऱ्यापाशीच येतो, म्हणून ‘आता हे काय नवीन’ म्हणत पुढे सरकू नका. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

नोव्हेंबरात माझ्या वॅगनआरचा विमा रिन्यू केला. २०१९ ची गाडी. सहा वर्षांत एकदाही क्लेम नव्हता. क्लेम न करणाऱ्याला कंपनी सूट देते, त्याला नो क्लेम बोनस म्हणतात, एजंट लोकांच्या भाषेत एनसीबी. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं सलग नीट गेली की ५०. त्याच्या वर नाही. मी त्या ५० वर पोचलो होतो. यंदा ते शून्य झालं. हप्ता ८,९८७ रुपये यायचा तो १३,९४३ आला. आणि या सगळ्यात माझी गाडी साधी चालूसुद्धा नव्हती. घरासमोर, कंपाउंडच्या भिंतीला लागून, हँडब्रेक ओढून उभी होती.

काय झालं ते थोडक्यात सांगतो. ऑगस्टमधली गोष्ट, सकाळचे साडेसात. आमच्या गल्लीला चढ आहे हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. घंटागाडी वरच्या टोकाला थांबली. ड्रायव्हर पोरगा खाली उतरून एका आजींच्या हातातली बादली घेत होता, कारण सोबतचा माणूस त्या दिवशी आलाच नव्हता. गाडी आपोआप मागे सरकायला लागली. पोरगा ओरडत धावला, पण भरलेली गाडी कुठे थांबते? तिने माझ्या गाडीला मागून धडक दिली आणि पुढच्या भिंतीत नेऊन दाबली. मागची काच फुटली, डिकी आत गेली, पुढचा-मागचा बंपर, एक हेडलाइट, एक टेललाइट, एक फेंडर. गल्लीतली दोन शाळकरी मुलं रिक्षाची वाट बघत रोज त्याच भिंतीला टेकून उभी असतात. त्या दिवशी रिक्षा पाच मिनिटं आधी येऊन गेली होती. एवढंच.

पोरगा बावीस-तेवीसचा. थरथरत होता. म्हणाला, “काका, हँडब्रेक धरतच नाय. चार दिस झाले मुकादमाला सांगतोय. तो म्हणतो, दगड लाव चाकाला.” त्याच्या सीटखाली खरंच दगड होता. पण दगड लावायला दुसरा माणूस लागतो, आणि तो आलेला नव्हता.

आता पैशाकडे येऊ, कारण लोक म्हणतात “विमा होता ना, मग काय झालं?” विमा होता म्हणजे काय होतं, हे एकदा नीट मांडतो. माझ्यासारखे बरेच जण असतील.

गॅरेजचं एस्टिमेट आलं ४७,००० रुपये. त्यात प्लॅस्टिकचे भाग म्हणजे बंपर आणि दिवे १२,००० चे. पत्र्याचे भाग १४,००० चे. काच ५,०००. मजुरी ८,००० आणि रंगकाम ८,०००. सर्व्हेअर आला, फोटो काढले, सगळं मान्य केलं. मान्य केलं म्हणजे सगळे पैसे देणार असं नसतं. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी नवी असो की जुनी. पत्र्यावरचा घसारा वयाप्रमाणे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा मालाचा धरतात आणि त्यातला निम्मा कापतात. काचेवर काही कापत नाहीत, मजुरीवर नाही. म्हणजे ६,००० अधिक ५,६०० अधिक १,०००, झाले १२,६००. त्यावर पॉलिसीतली सक्तीची वजावट, माझ्या इंजिनाच्या गाडीला १,००० रुपये. एकूण १३,६०० मी गॅरेजमध्ये मोजले, कंपनीने ३३,४०० दिले. (झिरो डेप घ्यायचं ना, असं म्हणणाऱ्यांसाठी: गाडीला पाच वर्षं झाल्यावर माझ्या कंपनीने ते देणं बंद केलं. मागितलं होतं.)

इथपर्यंत तक्रार नाही. जुन्या गाडीला नवा बंपर बसतो, कंपनी निम्मे पैसे कापते, समजू शकतो. खरा हिशेब पुढे आहे, आणि तो बिलावर कुठेच लिहिलेला नसतो.

हप्त्याचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टीचा, जो कायद्याने सक्तीचा आहे आणि ज्याचा दर सरकार ठरवतं. माझ्या गाडीला तो ३,४१६ रुपये. त्यावर बोनसबिनस काही नाही. दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा, ओन डॅमेजचा. माझा तो सूट धरायच्या आधी ८,४०० होता. एनसीबी फक्त या दुसऱ्या भागावर मिळतो. बरेच लोक ५० टक्के ऐकून अख्खा हप्ता निम्मा होईल असं समजतात, तसं नसतं. तर माझे ५० टक्के म्हणजे ४,२०० रुपये वाचायचे ते यंदा गेले. पण गोष्ट एका वर्षात संपत नाही. पुढच्या वर्षी मला २० टक्के मिळतील, पण क्लेम नसता तर ५० मिळाले असते, म्हणजे ३० टक्क्यांचा तोटा. त्याच्या पुढच्या वर्षी २५ चा, मग १५ चा, मग ५ चा. तेव्हा कुठे मी पुन्हा ५० वर पोचणार. सगळं मिळवा: ५०, ३०, २५, १५, ५. होतात १२५ टक्के. म्हणजे एका क्लेमची किंमत सव्वा वर्षाचा ओन डॅमेज हप्ता. हप्ता तेवढाच राहील असं धरलं तर माझे १०,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १२,३९० रुपये. आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबरात गेला. गाडीचा आहे तिथेच आहे.

तर १३,६०० अधिक १२,३९०. २५,९९० रुपये. सत्तेचाळीस हजारांच्या नुकसानीपैकी सव्वीस हजार मीच भरतोय, निम्मे आत्ता आणि निम्मे हप्त्याहप्त्याने. कंपनीच्या अंगाला लागले एकवीस हजार. आणि ज्याच्या गाडीने ठोकलं त्याच्या अंगाला किती लागले? शून्य.

आमचा एजंट ओळखीचा आहे, सज्जन आहे. त्याला म्हटलं, “अरे, माझी चूक नाही हे तुझ्याच कंपनीच्या सर्व्हेअरने लिहिलंय, मग बोनस का गेला?” तो म्हणाला, “काका, नाव वाचा ना. नो क्लेम बोनस. नो चूक बोनस नाही तो.” पटलं. म्हणजे राग आला, पण पटलं. बक्षीस नीट गाडी चालवण्याचं नाही, कंपनीकडे पैसे न मागण्याचं आहे. वर्षभर सिग्नल तोडून, लोकांच्या अंगावर गाडी घालून कुणी फिरला आणि क्लेम केला नाही तर तो ५० टक्क्यांचा मानकरी. गाडी दारात उभी ठेवून पेपर वाचत बसलेला माणूस शून्यावर.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो, त्याला फोनवर विचारलं. तिथेही ही सूट असते. पण समोरच्याची चूक असेल आणि तुमच्या कंपनीने सगळे पैसे त्याच्या कंपनीकडून वसूल केले, तर साधारणपणे तुमची सूट शाबूत राहते. तो वर म्हणाला, “मामा, तरी पुढच्या वर्षी हप्ता कधीकधी वाढवतातच.” म्हणजे स्वर्ग तिथेही नाही. पण निदान चूक कुणाची हा प्रश्न तिथे विचारला जातो.

आपल्याकडे तो प्रश्न विचारायची जागा वेगळी आहे. कागदावर सगळं व्यवस्थित आहे: ज्याने ठोकलं त्याच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा माझ्या नुकसानीची भरपाई देतो, ट्रकटेम्पोच्या नेहमीच्या पॉलिसीत मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत. पण त्यासाठी पोलिसांत गुन्हा, मग जिल्ह्याच्या ठिकाणी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज, वकील, तारखा. सत्तेचाळीस हजारांसाठी कोण जाईल? वकीलसाहेबांनी स्वतःच सांगितलं, “नका जाऊ. माझी फी आणि तुमचं एसटीचं भाडं धरून हातात काही राहणार नाही.” बरं, माझी कंपनी मला दिलेले पैसे त्यांच्या कंपनीकडून मागू शकते. एवढ्यातेवढ्या रकमेला मागत नाही. आज तुझं, उद्या माझं, असा मामला. त्यांचं फिटतं. माझी सूट मात्र कुणी फेडत नाही.

मग लोक काय करतात? रस्त्यावरच मिटवतात. “दोन हजार द्या आणि विषय संपवा.” किंवा गप्प बसतात. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका ताईंची गाडी त्याच घंटागाडीने जून महिन्यात खरचटवली होती, दारापासून मागच्या चाकापर्यंत. नऊ हजारांचं काम. त्यांनी हिशेब केला, क्लेमपेक्षा खिशातून बरं, आणि बाहेरच्या गॅरेजला सहा हजारांत करून घेतलं. बरोबर केलं त्यांनी. ५० टक्क्यांवर असाल तर ओन डॅमेज हप्त्याची सव्वापट अधिक जीएसटी काढा, त्यात घसारा-वजावट मिळवा. नुकसान त्याच्या खाली असेल तर क्लेम करण्यात अर्थ नाही. नुकतेच २० वर असाल तर सव्वापटऐवजी ऐंशी टक्के धरा. वही-पेन घेऊन बसलात तर पाच मिनिटांचं काम आहे.

पण या शहाणपणाचा परिणाम काय होतो बघा, आणि ही पोस्ट लिहायचं खरं कारण हेच आहे. ताईंनी क्लेम केला नाही, म्हणून सर्व्हेअर आला नाही, म्हणून फोटो नाहीत, पोलिसांत नोंद नाही, नगरपरिषदेत अर्ज नाही. म्हणजे सरकारदरबारी जूनमध्ये काहीच घडलं नाही. मी ऑगस्टमध्ये नगरपरिषदेत गेलो तेव्हा संबंधित साहेब मला शांतपणे म्हणाले, “या गाडीबद्दल आजवर एकही तक्रार नाही.” एकही नाही! मी गल्लीत विचारत फिरलो तर सहा जणांनी सांगितलं, आमच्या गेटला लागलीय, आमच्या स्कूटरचा आरसा गेलाय, आमच्या पायरीचा कोपरा उडालाय. सगळ्यांनी आपापले पैसे घालून मिटवलेलं. खड्ड्यांचंही तसंच. सस्पेन्शनचं काम, वाकलेली रिम, फाटलेला टायर, आपण गुपचूप पैसे देतो, कारण क्लेम केला तर बोनस जाईल. मग कागदावर आपले रस्ते उत्तम.

खड्ड्यांवरून आठवलं. ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचा आदेश दिला. चांगला आहे. पण त्यासाठी माणसाला मरावं किंवा मोडावं लागतं. गाडीचं मोडलं तर आपलं आपण.

आता आपल्या घंटागाडीकडे. मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की विमा, फिटनेस वगैरे कधीपर्यंत आहे ते दिसतं. मी टाकला. विमा चालू होता. फिटनेसची मुदत मार्चमध्येच संपलेली. मार्च ते ऑगस्ट ही गाडी रोज सकाळी आपल्या पोराबाळांच्या, म्हाताऱ्यांच्या मधून फिरत होती. तुमच्या दुचाकीचं पीयूसी संपलं तर चौकात पावती फाडतात. नगरपरिषदेचं नाव लिहिलेल्या गाडीला कोण हात करणार?

पोलीस ठाण्यात गेलो, तिथल्या हवालदारांनी विचारलं, “ड्रायव्हरवर गुन्हा नोंदवायचा का?” मी नको म्हटलं. यावर घरात भांडण झालं. मुलगा म्हणाला, “बाबा, एफआयआर केला असता तर सगळे हलले असते.” कदाचित. पण हलला असता तो पोरगा. नाव त्याचं, लायसन त्याचं, कोर्टाच्या तारखा त्याच्या. ज्याने हँडब्रेकचा खर्च वाचवला त्याचं नाव त्या कागदावर आलंच नसतं. मी स्टेशन डायरीला नोंद करून घेतली: गाडीचा नंबर, वेळ, हँडब्रेक नादुरुस्त असल्याचं ड्रायव्हरने सांगितलं ते, आणि फिटनेस संपल्याचं. विमा कंपनीला तेवढं पुरलं.

तरी पोरगा सुटला नाही. पंधरा दिवसांनी तो घरी आला. ठेकेदाराने त्याच्या पगारातून पाच हजार कापले होते, “काकांच्या गाडीची भरपाई” म्हणून, आणि त्याला गाडीवरून काढून कचरा डेपोवर टाकलं होतं. मला विचारायला आला होता की, काका, पैसे मिळाले का तुम्हाला? मला एक रुपया मिळाला नव्हता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. बायकोने त्याला पोहे दिले, त्याने अर्धेच खाल्ले. पगारातून नुकसानीचे पैसे कापायचे तर आधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “काका, मग उद्यापासून घरीच बसावं लागेल.” यावर मी काय बोलणार?

म्हणजे हँडब्रेकच्या दुरुस्तीचे काय असतील ते चार पैसे वाचले, त्याची किंमत सव्वीस हजार मी भरली, पाच हजार त्या पोराने आणि एकवीस हजार विमा कंपनीने. ठेकेदाराच्या खिशात उलट पाच हजार आले. ऑगस्टचं बिल पूर्ण निघालं.

नगरपरिषदेत मला आधी सांगितलं, गाडीची जबाबदारी ठेकेदाराची. ठेकेदाराच्या ऑफिसात सांगितलं, गाडी नगरपरिषदेच्या नावावर आहे, त्यांच्याकडे जा. तीन चकरा झाल्यावर दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात ठेक्याच्या अटी मागितल्या. सव्वीसाव्या दिवशी मिळाल्या, हे कबूल करायला हवं, मुदतीत दिल्या. त्यात सरळ लिहिलंय: गाड्यांची देखभाल-दुरुस्ती ठेकेदाराने करायची, विमा आणि फिटनेस चालू ठेवायचं, आणि कामादरम्यान तिसऱ्या व्यक्तीचं नुकसान झालं तर भरपाई ठेकेदाराची. प्रत्येक गाडीवर चालक आणि एक मदतनीस, हेही लिहिलंय. अट मोडली तर दंड, तो मासिक बिलातून किंवा अनामत रकमेतून वसूल करायचा. वर्षभरात असा दंड कितीदा केला, हेही विचारलं होतं. उत्तर: निरंक.

अटी वाचल्यावर मला माझ्या पॉलिसीपेक्षा जास्त राग आला. पॉलिसी निदान खोटं बोलत नाही. नाव नो क्लेम आहे, क्लेम केला की जातो, संपलं. इथे मात्र सगळं कागदावर आहे आणि कुणी कागद उघडतच नाही.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण रिन्यूअलच्या वेळी मला ही ऑफर आली आणि तुम्हालाही येईल. दुसऱ्या एका एजंटने फोन केला: “काका, कंपनी बदला, मी ५० टक्के एनसीबी टाकून देतो, कोण बघतंय.” अजिबात करू नका. आपण क्लेम केला नाही असं लिहून देतो, त्याखाली सही आपली असते, एजंटची नाही. नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडे २१ दिवसांत खातरजमा करायची असा नियम जुन्या टॅरिफपासून आहे. उद्या मोठा अपघात झाला आणि हे निघालं तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं. चार हजारांसाठी चार लाखांची गाडी लावू नका. आणि खरा हक्काचा बोनस मात्र सोडू नका. तो गाडीचा नसतो, आपला असतो. गाडी विकली तर कंपनीकडून पत्र घ्या, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला तो चालतो. मुदत संपल्यावर ९० दिवस रिन्यू केलं नाही तर मात्र क्लेम न करताही जातो. बोनस वाचवायचं वेगळं कव्हर मिळतं, जास्तीचे पैसे देऊन. घ्यायचं तर वर्षाला किती क्लेमपर्यंत ते चालतं हे आधी विचारा. मला व्यक्तिशः ते पटत नाही, म्हणजे बोनस कमवायचा आणि मग त्याचाही विमा उतरवायचा! पण रोज हायवेवर जाणाऱ्यांनी विचार करावा.

असो. ऑगस्टमध्ये आपल्याकडे प्रशासक होते. तक्रार घेऊन जायला नगरसेवक नव्हता, म्हणजे माणसं होती पण सगळी ‘माजी’ किंवा ‘भावी’. डिसेंबरात निवडणूक झाली. प्रचाराला आलेल्या चारही पॅनलच्या लोकांना मी ठेक्याच्या अटींची झेरॉक्स दिली. सगळ्यांनी “हे बघतोच आम्ही” म्हटलं. आता जे निवडून आलेत त्यांनी बघायची वेळ आली आहे.

गेल्या आठवड्यात मी अर्ज दिलाय, आवक शिक्क्याची पोच माझ्याकडे आहे. मागण्या साध्या आहेत. मला गॅरेजमध्ये भरावे लागलेले १३,६०० आणि बोनसचे १२,३९० ठेकेदाराच्या बिलातून वळते करावेत. विमा कंपनीने दिलेले ३३,४०० मी मागत नाही, ते मागायचा हक्क तिचा आहे. त्या पोराचे पाच हजार त्याला परत मिळावेत, आणि माझा अर्ज निकाली काढायचा असेल तर आधी ते व्हावं. सर्व घंटागाड्यांचं फिटनेस आणि विम्याची मुदत नगरपरिषदेच्या फलकावर लावावी. बोनसचे पैसे मागितलेले पाहून टपालातले कारकून हसले. “काका, हे कुठल्या हेडखाली टाकायचं?” म्हटलं, नुकसान या हेडखाली टाका. त्यांनी हिशेबाचा कागद दोनदा वाचला आणि मग स्वतःच्या गाडीचा हप्ता किती, एनसीबी किती, मला विचारायला लागले. दहा मिनिटं आम्ही त्यांचाच हिशेब करत बसलो.

मला हे पैसे मिळतील का? गॅरेजचे कदाचित. बोनसचे मिळणं अवघड आहे, वकीलसाहेबांचंही तेच मत. पण मागितले नाहीत तर ते नुकसान आहे हेच कुठे लिहिलं जाणार नाही.

म्हणून एक विनंती. घंटागाडीमुळे, खोदून ठेवलेल्या रस्त्यामुळे, तिठ्यावरच्या त्या खड्ड्यामुळे ज्यांचं गेल्या वर्षभरात नुकसान झालंय आणि ज्यांनी गुपचूप पैसे भरलेत, त्यांनी खाली तारीख, ठिकाण आणि अंदाजे रक्कम लिहा. क्लेम करू नका म्हटलंय, अर्ज करू नका असं म्हटलेलं नाही. साध्या कागदावर नगरपरिषदेच्या नावाने अर्ज, दोन प्रती, एकीवर शिक्का. त्याने कुणाचा बोनस जात नाही. पंचवीस अर्ज जमले की आपण सगळे मिळून पुढच्या सर्वसाधारण सभेआधी नगराध्यक्षांना भेटू. फोटो असतील तर गाडीचा नंबर दिसेल असे टाका. ड्रायव्हर पोरांचे चेहरे मात्र टाकू नका.

माझ्या अर्जाला उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. नाही आलं तरी टाकतो.